घरगुती अ‍ॅम्प्लिफायर : जोडणी आणि पारख

कापड विकणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरवर का लिहावे, असे वाचक बंधूंना वाटेल. पण माल कोणताही असो, पारख करण्याची रीत एकच असते. शिवाय रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे हुनर हाती असलेल्या कारागिरांना हा चांगला जोडधंदा होऊ शकतो.

मोबाइल किंवा टीव्हीतून येणारा क्षीण विद्युत संकेत स्पीकर हलविण्याइतका बलवान करणे, हे अ‍ॅम्प्लिफायरचे काम. ही ताकद ट्रान्सफॉर्मरकडून मिळते. म्हणून पहिला खर्च तेथे करावा.

सुरुवातीला टीडीए २०३० ए ही आयसी सोयीची. दोन चॅनेलसाठी दोन आयसी, १२-०-१२ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर घ्यावेत. यातून शून्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे १६ व्होल्ट डीसी मिळते. ८ ओहमच्या स्पीकरला दर चॅनेलमागे सुमारे १० वॅट मिळतात. घरातील खोलीला ते पुष्कळ झाले.

जोडणीत चार गोष्टी सांभाळाव्यात. आयसीची धातूची पाठ ऋण पुरवठ्याला जोडलेली असते. म्हणून हीट सिंक आणि आयसी यांच्यामध्ये मायका व स्क्रूला प्लॅस्टिकची बुश हवीच. सर्व ग्राउंड वायरी एकाच बिंदूवर आणाव्यात, नाहीतर 'हम' येतो. पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावावेत. पेटी लोखंडी असेल तर तिला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग द्यावे आणि २३० व्होल्टच्या बाजूला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घालावा. येथे पैसे वाचवू नयेत. हा जिवाचा प्रश्न आहे.

प्रथम वीज देताना ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडावा.

आता पारख. आम्ही दोन थान ताडून पाहतो तेव्हा दोन्ही एकाच उजेडात धरतो. एक दिव्याखाली आणि दुसरे उन्हात धरले, तर तो न्याय नव्हे. आवाजाचेही तसेच आहे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. म्हणून नवा अ‍ॅम्प्लिफायर जुन्याशी ताडताना दोन्हींवर १०० हर्ट्झचा एकच स्थिर सूर लावावा आणि स्पीकरवरील एसी व्होल्टेज मीटरने मोजून समान करावे. फरक शेकडा १ पेक्षा जास्त नसावा. मग ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐकावे. मानवी आवाजातील खोट कान चटकन पकडतो.

ऐकणाऱ्याला कोणता सेट चालू आहे ते सांगू नये. दुसऱ्याने नाणे उडवून त्याप्रमाणे सेट निवडावा, उत्तरे लिहून ठेवावीत. १० पैकी ५ बरोबर येणे हा निव्वळ अंदाज; ९ किंवा अधिक बरोबर आली तर फरक खरा मानावा, कारण नुसत्या नशिबाने तसे १०० वेळांत एखादेच वेळा घडते. फरक ओळखू आलाच नाही तर निराश होऊ नये. घरचा सेट बाजारच्या सेटइतका स्वच्छ वाजतो, असाच त्याचा अर्थ.

विक्रीच्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' लिहून शेकडो वॅट छापले जात. आपला ट्रान्सफॉर्मर २४ गुणिले ३, म्हणजे ७२ व्होल्ट-अँपिअरचा. त्यातून सतत ५०० वॅट कसे निघतील? लेबलावर '१० वॅट, दोन चॅनेल' एवढेच लिहावे. गज आखूड ठेवणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा चढत नाही. वॅट हेसुद्धा मापच आहे.