वाय-फायचं अर्धं कुलूप आपल्या लॅपटॉपवर असतं

वाय-फाय म्हटलं की हॉस्टेलमध्ये दोनच प्रश्न विचारले जातात : रेंज कुठे येते आणि पासवर्ड काय? पासवर्ड मिळाला की विषय संपला! कोलशेतला खोलीत बसून लॅपटॉप उघडा, आजूबाजूच्या टॉवरमधली पाच-पंचवीस नेटवर्क यादीत दिसतील. त्यांच्या लहरी भिंती ओलांडून आपल्यापर्यंत येतात, तशाच आपल्याही बाहेर जातात. वायरच्या नेटवर्कमध्ये चोराला निदान केबलपर्यंत यावं लागतं. इथे तो रस्त्यावर गाडीत बसला तरी चालतं.

"पण माझ्या मशीनमध्ये चोरण्यासारखं आहेच काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी आधी एक खरी घटना. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. त्याचा आयपी पत्ता शोधत पोलीस पोहोचले ते सानपाड्याला, म्हणजे आपल्या ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की लागतं त्याच सानपाड्याला. तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाचं ते कनेक्शन. चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासले गेले. निघालं काय, तर त्यांचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. पुढे २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क असंच वापरलं गेलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचनाच काढल्या.

असं का होतं? राउटरमागे दहा मशीन असली तरी बाहेरच्या जगाला सहसा एकच पत्ता दिसतो आणि नोंद असते कनेक्शन घेणाऱ्याच्या नावावर. करणारा निघून जातो, दार वाजतं ते नोंदीतल्या माणसाचं.

आता कुलपांकडे वळू. पहिलं कुलूप डब्ल्यूईपी. यात किल्लीला जोडला जाणारा बदलता आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. गजबजलेल्या नेटवर्कवर हे आकडे परत परत येऊ लागतात. २००१ मध्ये त्यातला मूळ दोष उघड झाला आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. मधल्या काळात, २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. यादीत कुठे डब्ल्यूईपी दिसलं तर ते नेटवर्क उघडंच समजा.

डब्ल्यूपीए-२ मजबूत आहे, पण सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तुम्ही जोडले जाताना झालेली सुरुवातीची देवाणघेवाण पकडून चोर आपल्या घरी निवांत बसून पासवर्डचा अंदाज लावू शकतो. 'कॉलेजचं नाव आणि साल' असले पासवर्ड त्यात टिकत नाहीत. दोन, ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने ती देवाणघेवाण पकडली, तो शेजारच्या कॉटवरच्याचा ट्रॅफिक उलगडू शकतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये या दोन्ही वाटा बंद केल्या आहेत. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्याने धोका पूर्वीइतका नाही, पण गेलेलाही नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. आपण नेटवर्कला पासवर्ड देतो, पण नेटवर्क खरं आहे की नाही हे कोण तपासतं? अनेक कॉलेजांत प्रत्येकाला वेगळं युजरनेम असतं, त्याला डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइज म्हणतात. पद्धत चांगली. पण कोणी त्याच नावाचं बनावट नेटवर्क उभं केलं आणि त्याचं सिग्नल जास्त असलं, तर लॅपटॉप बिनधास्त तिकडे जाऊ शकतो. मग तुमच्या पासवर्डवरून बनवलेलं उत्तर त्या भामट्याच्या हाती पडतं, आणि नेहमीच्या एमएस-चॅप-व्ही-२ पद्धतीतलं असं उत्तर फोडता येतं हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं आहे. तोच पासवर्ड ई-मेलला आणि निकालाच्या पोर्टललाही ठेवला असेल, तर पुढचं सांगायलाच नको!

यावर उपाय सर्टिफिकेटचा. आपल्या मशीनने आधी सर्व्हरचं ओळखपत्र बघायचं, मगच तोंड उघडायचं. हे तपासणं राउटरच्या हातात नाही, ते आपल्याच मशीनवर चालू करावं लागतं.

तर आज रात्री मेसमधून आल्यावर एवढं करा :

१. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय असं जाऊन नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. सिक्युरिटी टाइप डब्ल्यूपीए-२ किंवा ३ आहे ना, बघा.

२. तिथेच 'पब्लिक नेटवर्क' निवडा. म्हणजे शेअर केलेले फोल्डर अख्ख्या मजल्याला दिसणार नाहीत.

३. 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन स्टेशन, हॉटेल, मॉलची जुनी नेटवर्क 'फर्गेट' करा. नाहीतर त्याच नावाचं कोणतंही उघडं नेटवर्क दिसलं की मशीन आपणहून जोडलं जाईल.

४. कॉलेजच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेटबद्दल विचारणारी खिडकी आली तर घाईने 'कनेक्ट' दाबू नका. तपशील उघडून सर्व्हरचं नाव बघा. फोनवर 'डू नॉट व्हॅलिडेट' हा पर्याय दिसला तर तो निवडू नका.

५. अपडेट टाळू नका. २०१७ मध्ये सापडलेल्या 'क्रॅक' या दोषाचा मुख्य हल्ला जोडणाऱ्या मशीनवरच होता. नुसता राउटर बदलून तो गेला नसता.

एक गैरसमजही काढून टाका. नेटवर्कचं नाव लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. उलट तसं नेटवर्क आपोआप जोडायला ठेवलं, तर लॅपटॉप जिथे जाल तिथे त्याला नावाने हाका मारत हिंडतो. मॅक फिल्टरही तसाच, कारण मॅक पत्ता हवेत उघडाच जातो आणि त्याची नक्कल करता येते.

शेवटी कॉम्प्युटर सेंटरच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. चौथ्या पायरीत मुलांनी नाव पडताळून बघावं असं म्हटलं, पण ते कशाशी पडताळायचं? प्रत्येक मजल्याच्या नोटीस बोर्डावर सर्व्हरचं नाव आणि सर्टिफिकेट कोणी दिलंय, या दोन ओळी लावा. खर्च एका झेरॉक्सचा. आणि हॉस्टेलवासीयांनो, ती नोटीस लागली की निदान तिच्यावर क्रिकेटच्या टीमची यादी चिकटवू नका!