उंचावलेल्या एसयूव्हीला कोणती चाके, कोणते टायर?

लडाखचे घाट, राजस्थानातील वाळू आणि सह्याद्रीतील पावसाळी चिखलवाटा यांचे आकर्षण वाढले, तसे गाडी इंच-दोन इंचांनी उंच करून घेण्याचे प्रमाणही देशभर वाढले आहे. महिंद्र थार, फोर्स गुरखा आणि मारुती जिम्नी या गाड्यांचे मालक यात आघाडीवर आहेत. गाडी उंचावली की चाकांवरच्या कमानी रिकाम्या दिसू लागतात आणि मोठ्या टायरांचा विचार ओघानेच येतो. ही निवड बहुधा डोळ्यांना काय बरे दिसते यावर होते. प्रत्यक्षात ब्रेक, स्टीअरिंग, गाडीची कायदेशीर स्थिती आणि विमा या सर्वांचा तिच्याशी संबंध आहे.

मुळात गाडी उंच केल्याने नेमके काय उंचावते, हे समजून घेणे आवश्यक आहे. लांब स्प्रिंग किंवा स्प्रिंगवर बसवलेले स्पेसर गाडीचा सांगाडा चाकांपासून वर उचलतात. चाकाचा मध्यबिंदू मात्र होता तेथेच राहतो. थारचा मागचा अ‍ॅक्सल आणि जिम्नीचे पुढचे व मागचे असे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड आहेत. अशा अ‍ॅक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंग बदलून एक मिलिमीटरही वर जात नाही. दगडावर सर्वांत आधी टेकतो तो बहुधा हाच भाग. तो उचलण्याचे काम फक्त टायर करू शकतो, आणि तेही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच.

हा हिशेब टायरच्या अंगावरच छापलेला असतो. २०२० साली आलेल्या थारच्या एका प्रकारात २४५/७५ आर १६ हे टायर होते. याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १६ इंच. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रिम यांची बेरीज केली की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. याच रिमवर २६५/७५ आर १६ चढवला, तर व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर होतो. वाढ ३० मिलिमीटरची दिसली, तरी डिफरन्शियल जमिनीपासून जेमतेम १५ मिलिमीटर वर जातो.

या १५ मिलिमीटरची किंमत इतरत्र चुकवावी लागते. चाकाचा घेर जवळजवळ चार टक्क्यांनी वाढल्यामुळे, मूळ टायरवर ताशी ८० किलोमीटर वेगाला काटा जेथे असे, तेथेच तो असताना आता गाडी ८३ च्या वेगाने धावते. गिअरचे प्रमाण तेवढेच लांबते. त्यामुळे चढावर इंजिन सुस्त वाटू लागते. ब्रेक तेच, पण चाक मोठे आणि जड, म्हणून थांबण्याचे अंतर वाढण्याची शक्यता असते. चाक घसरू न देणारी यंत्रणा आणि गाडी स्थिर ठेवणारी यंत्रणा मूळ आकाराला अनुसरून जुळवलेल्या असतात, हेही विसरता येत नाही. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा या व्यवसायातील रूढ दंडक आहे. वरील उदाहरण तो ओलांडते.

मोठा टायर बसतो की नाही, हे सपाट जागेवर उभ्या गाडीकडे पाहून ठरवणे हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. स्प्रिंग पूर्ण दबली की चाक कमानीत जवळजवळ पूर्वीइतकेच वर जाते. सस्पेन्शनची हालचाल थांबवणारे रबरी ठोकळे बदललेले नसतील, तर केवळ उंची वाढवल्याने तेथे जागा निर्माण होत नाही. खरी चाचणी म्हणजे पुढचे एक चाक उंचवट्यावर चढवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवणे. टायर मडगार्डच्या अस्तराला, सांगाड्याला किंवा ब्रेकच्या नळीला घासत असेल, तर तो आकार त्या गाडीसाठी नव्हे.

रिमच्या बाबतीत मोठे ते चांगले हा समज उलटा ठरतो. थारच्याच दुसऱ्या प्रकारात २५५/६५ आर १८ टायर होते. त्यांच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १६६ मिलिमीटर आहे, म्हणजे १६ इंची रिमवरील टायरपेक्षा १८ मिलिमीटर कमी. खडकाळ वाटेवर हीच भिंत धक्के झेलते आणि रिमला वाचवते. ब्रेकचे भाग आत मावत असतील, तर भटकंतीसाठी लहान रिम व उंच भिंतीचा टायर ही जोडी अधिक शहाणपणाची.

नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पी.सी.डी., जुळलेच पाहिजे. मधले भोकही हबवर घट्ट बसणारे हवे. त्यानंतर येतो ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर. रुंदी तीच ठेवून ऑफसेट ४० वरून १० मिलिमीटरवर आणला, तर चाक ३० मिलिमीटर बाहेर येते. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते. परंतु बेअरिंगवरील ताण वाढतो, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देते आणि चिखल थेट दारांवर उडतो.

टायरची नक्षी निवडताना वर्षातील बहुतांश दिवस गाडी कोठे चालते, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. ठोकळेदार नक्षीचे एम.टी. टायर चिखलात उत्तम. मात्र ओल्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर त्यांची पकड कमी असते आणि आवाजही मोठा असतो. मुंबई-गोवा किंवा मनाली-लेह अशा प्रवासात दिवसाचा बराचसा भाग पक्क्या सडकेवरच जातो. तेथे ए.टी. हा मधला मार्ग बहुतेकांना पुरेसा ठरतो. अनेकदा कंपनीने दिलेल्याच आकारात केवळ एच.टी. ऐवजी ए.टी. टायर घेतल्याने हवा तो बराचसा फरक पडतो. आकारापुढील अंकही पाहावा. ११२ हा भारांक असल्यास एक टायर ११२० किलो भार पेलू शकतो. नवा टायर मूळ भारांकापेक्षा कमी क्षमतेचा असता कामा नये. चार आकडी शिक्क्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात.

कायद्याची बाजू अनेकांना दंड झाल्यावरच कळते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीही दावा तपासताना हा मुद्दा पुढे करू शकते. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत दिलेला, किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीनेच वापरलेला आकार निवडणे तुलनेने सुरक्षित. त्यासाठीही आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा केलेली बरी.

टायर बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे लागते, कारण उंची वाढताच पुढच्या चाकांचे कोन बदललेले असतात. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा ठरवून दिलेल्या जोराने आवळावेत. वाळूत हवा कमी केली असेल, तर पक्क्या रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरणे अनिवार्य आहे. आणि हिशेब चारचा नव्हे, पाच टायरांचा करावा. दोन व्यासांची चाके लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह वापरल्यास ट्रान्सफर केसवर ताण येतो. थारसारख्या गाडीत हे जड झालेले पाचवे चाक मागच्या दारावर टांगलेले असते. त्या दाराच्या बिजागऱ्या अधूनमधून तपासाव्या लागतात.