फॅन कॅरेक्टर म्हणजे नक्की काय?

एखाद्या मालिकेच्या जगात बसेल असे चाहत्याने स्वतः रचलेले नवे पात्र म्हणजे फॅन कॅरेक्टर. चाहते त्याला ‘ओसी’ (ओरिजिनल कॅरेक्टर, म्हणजे स्वरचित पात्र) म्हणतात. चाळीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडासारखे ते असते: भांडीकुंडी आणि सवयी स्वतःच्या, पण जिना, गॅलरी आणि पाण्याची वेळ चाळीची.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५ ते २००८) ही अ‍ॅनिमेटेड मालिका घ्या. तिच्या जगात काही माणसांना पाणी, पृथ्वी, अग्नी किंवा वायू यांपैकी एकाच तत्त्वावर हुकमत (बेंडिंग) असते. चारही तत्त्वे फक्त अवताराला वश होतात.

‘स्वरचित’ म्हणजे सर्वांहून वेगळे आणि बलवान, असा समज सर्रास आढळतो. त्यातून चारही तत्त्वे खेळवणारी पात्रे जन्मतात. आपल्या पात्राला सगळे द्यावेसे वाटणे साहजिक आहे. पण चाळीचा नियमच मोडला, तर ते पात्र तिथले उरत नाही. अशा निर्दोष, सर्वगुणसंपन्न पात्राला ‘मेरी सू’ म्हणतात. हे नाव पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या कथांवर लिहिलेल्या विडंबनातून आले.

‘अवतार’ मालिकेतली टॉफच पाहा. ती अंध आहे. अनवाणी तळव्यांनी जमिनीची कंपने टिपून ती ‘पाहते’. त्यामुळेच वाळवंटातल्या भुसभुशीत वाळूत तिला सारे धूसर जाणवते. तिची ताकद आणि मर्यादा एकाच मुळातून आल्या आहेत.

म्हणून नवे पात्र रचताना त्याला काय येते याआधी काय येत नाही, हे ठरवावे. वेगळेपण तिथूनच सुरू होते.