मानेच्या कण्यावरील शस्त्रक्रियेतील क्ष-किरण चित्रण

मानेच्या कण्यात सात मणके असतात. शस्त्रक्रियेत रोगग्रस्त मणका नेमका कोणता, हे केवळ नजरेने निश्चित करता येत नाही. म्हणून खुणेची सुई ठेवून बाजूने क्ष-किरण चित्र घेतात व वरून मणके मोजतात. सहाव्या व सातव्या मणक्यांवर मात्र खांद्यांची छाया पडते. आखूड मानेच्या व स्थूल रुग्णांत ही अडचण अधिक जाणवते. मोजणी चुकल्यास निरोगी भागावर शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो.

यावरील रूढ उपाय म्हणजे खांदे चिकटपट्टीने पायांच्या दिशेने ओढून ठेवणे. ताण अति झाल्यास हाताकडे जाणाऱ्या तंत्रिकांच्या जालिकेला इजा होऊन हात दुर्बल होऊ शकतो. म्हणून तो बेताचा व शक्य तर चित्रणापुरताच देतात. तरीही मणके न दिसल्यास किरणांची दिशा तिरपी करतात किंवा स्पष्ट दिसणाऱ्या वरच्या मणक्यापाशी खूण ठेवून तेथून खाली मोजतात.

किरणांची मात्रा वाढविण्यापेक्षा शलाका गरजेपुरती अरुंद करणे श्रेयस्कर असते. त्यामुळे विखुरलेले किरण घटून चित्र सुस्पष्ट होते. असे किरण नलिकेच्या बाजूस अधिक असल्याने कर्मचारी विरुद्ध बाजूस, शिशाचा अंगरखा घालून उभे राहतात. अंतर दुप्पट केल्यास प्रारण सु. एक चतुर्थांश होते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरविली आहे.