बहुभाषिक लघुविद्यापीठातील पदवीशिक्षण : चितगावचे उदाहरण

बांगलादेशातील चितगाव येथे २००८ साली सुरू झालेले एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेन हे मुख्यतः पदवीस्तरावरील लहान निवासी विद्यापीठ होय. अफगाणिस्तान, भूतान, नेपाळ, श्रीलंका अशा देशांतील मुली येथे एकत्र शिकतात. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी. ती बहुतेकींची मातृभाषा नसल्याने गरजेनुसार पदवीपूर्वी पूर्वतयारीचे स्वतंत्र वर्ष ठेवलेले आहे. (आपल्याकडे मराठी माध्यमातील विद्यार्थिनी थेट प्रथम वर्षाच्या इंग्रजी वर्गात बसते!) परंतु भाषेहून मोठा अडसर मिळकतीचा असतो. कामगार मुलीच्या पगारावर घर चालत असेल, तर केवळ शुल्कमाफी पुरत नाही. म्हणूनच २०१६ पासून तयार कपड्यांच्या कारखान्यांतील मुलींना प्रवेश देताना, शिक्षणकाळातही त्यांचे वेतन चालू ठेवण्यास काही कारखानदारांना राजी करण्यात आले.