रंग बदलला अन् चित्र गायब! सीएसएसचे ‘शॉर्टहँड’ नेमके काय पुसते?

वेबसाइटवरच्या बटणाचा फक्त रंग बदलला आणि त्यावरचे चित्र गायब झाले. ब्राउझर चूक दाखवत नाही, स्पेलिंगही बरोबर. अशा वेळी आधी शंका घ्यावी ती ‘शॉर्टहँड’वर.

वेबपेजला रंग, आकार, अंतर देते ते सीएसएस. चौकटीभोवती जागा सोडायची तर मार्जिन-टॉप, मार्जिन-राइट, मार्जिन-बॉटम, मार्जिन-लेफ्ट अशा चार ओळी लागतात. त्याऐवजी नुसत्या ‘मार्जिन’पुढे चार आकडे दिले तरी भागते. क्रम प्रदक्षिणेचा: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. दोनच आकडे दिले तर पहिला वर-खाली, दुसरा दोन्ही बाजूंना. ही सोय जुनीच; डिसेंबर १९९६मध्ये आलेल्या सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीतही ती होती.

गोची अशी, की शॉर्टहँडमध्ये जे लिहिले नाही ते आहे तसे राहत नाही, मूळ स्थितीला जाते. आधी ‘बॅकग्राउंड-इमेज’ने चित्र लावले आणि त्याखाली ‘बॅकग्राउंड: व्हाइट’ लिहिले, तर ब्राउझर त्याचा अर्थ ‘पांढरा रंग आणि चित्र नाही’ असा घेतो. हा बिघाड नाही, नियमच आहे!

‘फॉन्ट’ तर आणखी हट्टी. त्यात अक्षराचा आकार आणि फॉन्टचे नाव द्यावेच लागते. नुसते ‘फॉन्ट: बोल्ड’ लिहिले तर ब्राउझर ती ओळच सोडून देतो. शिवाय ‘लाइन-हाइट’, म्हणजे ओळीची उंची, आधी ठरवली असली तरी तीही पुसली जाते. मराठी मजकुरात हे लगेच खटकते. आपल्याकडे अक्षराच्या वर मात्रा-रफार, खाली उकार. मुद्दाम १.८ ठेवलेली उंची गेली, की ओळी एकमेकींना खेटू लागतात आणि मोबाइलवर वाचताना डोळे शिणतात. उपाय शॉर्टहँडमध्येच आहे: आकारानंतर तिरकी रेघ देऊन उंची तिथेच लिहायची.

म्हणून शॉर्टहँड टाकूनच द्यावे का? मुळीच नाही. सगळ्याच किमती ठरवायच्या असतील तेव्हा ते उत्तम. एकच बदलायची असेल, तर ‘बॅकग्राउंड-कलर’सारखे पूर्ण नाव वापरावे. दोन्ही हवे असतील तर शॉर्टहँड वर, पूर्ण नाव खाली. तरीही शंका राहिलीच, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये शॉर्टहँडशेजारचा छोटा बाण दाबावा. न लिहिलेल्या किमतीही तिथे दिसतात.