विजेचे बिल का वाढले?

विजेचे बिल वाढले की पहिला ठपका अभ्यासाच्या दिव्यावर येतो. आम्हीही मुलीला रात्री दहानंतर दिवा मालवायला लावला, आणि मी शिक्षक! हिशेब केला तो नंतर. १००० वॅट तासभर चालले म्हणजे एक युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्यास दीड युनिटही होत नाही. २००० वॅटचा गीझर तेवढी वीज पाऊण तासात खातो.

मग घरातील सर्व बटणे बंद करून मीटरपाशी उभे राहावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. सर्व बंद असूनही लुकलुकणे थांबले नाही, तर वीज गळत असेल किंवा आपल्या तारेवर दुसऱ्याची जोडणी असेल. तेथे स्वतः हात न घालता वायरमन बोलवावा. थांबले, तर एकेक वस्तू चालू करून मिनिटभर मोजावे.

आमचा गीझर मिनिटास शंभरावर गेला. त्यात नवल नाही. पण पाणी तापून तो बंद झाला तरी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ ठिबकत होता, आणि गीझरचे बटण आम्ही कधी बंदच करीत नसू! नळाचा वॉशर बदलला. मुलीचा दिवा त्याच रात्री पुन्हा लागला.